समाचाराला येणाऱ्या बाई

रविवार, १२ मे १९५७

जागा मिळाली. हावड्याला गाडीतून उतरलो तोच ऑफिसच्या बडाबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, ही बातमी दिली, आणि दुपारी घरमालक श्यामराव देवस्थळी यांनी किल्ल्या हातात ठेवून ती पक्की केली. भवानीपूरला पहिला मजला, दोन खोल्या, पुढे रस्त्यावर गॅलरी, मागे न्हाणीघर. न्हाणीघराला लागून एक लोखंडी गोल जिना खाली उतरतो, तो झाडायला येणाऱ्या जमादारासाठी. मुंबईत कस्टम्सच्या क्वार्टर्ससाठी तीन वर्षे अर्ज करत होतो. इथे आम्हा नवराबायकोला पहिल्याच दिवशी गॅलरी!

सरला एकोणीस पायऱ्या मध्ये दोनदा थांबून चढली. चढल्यावर हसली, म्हणजे बरी आहे. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्याने तिच्या हृदयाची एक झडप आवळली गेली आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी निघताना पुन्हा बजावले: मीठ कमी, जिने कमी, आणि छातीत उतरणारा ताप कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नका. बाकी ती तुमच्याआमच्यासारखीच जगेल.

श्यामराव शाळेत गणित शिकवत, आता निवृत्त आहेत. जन्म इथलाच. मराठी स्वच्छ, पण मधूनच बंगाली डोकावते. सरलाला म्हणाले, "आधी बसा, पाणी खा." प्रेमलताबाई आतून ओरडल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, अजून पाणी चावतायत!" श्यामरावांना मधुमेह आहे. सकाळी स्वतःच सुई टोचून घेतात आणि संध्याकाळी बायकोची नजर चुकवून संदेशाची मिठाई खातात.

गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाला ती भरून देतो. सरलाने आजच दोनदा सोडली, दुसऱ्या वेळी नुसतीच गंमत म्हणून. उद्या खिदिरपूरच्या गोदीत हजर व्हायचे.

शनिवार, १८ मे

सहा दिवसांत नऊ कुटुंबे येऊन गेली, असे सरलाने मोजून सांगितले. इथे आपली माणसे मूठभर. बदलून कोणी नवे आले की सगळ्यांना सणासारखे वाटते. त्यातून प्रेमलताबाईंनी सगळीकडे सांगून ठेवले आहे की वरच्या पोरीचे काळीज नाजूक आहे. त्यामुळे प्रत्येक जण ओळख करून घ्यायला येतो आणि समाचार घेऊन जातो. एकीने अर्जुनाची साल सुचवली, दुसरीने लसूण, तिसरीने काशीच्या एका बुवांचा पत्ता लिहून दिला. सरला खुशीत आहे.

नावे अजून नीट लागत नाहीत. कोण कोणाची जाऊ, कोण कोणाची विहीण, विचारायचा संकोच वाटतो. मुंबईत अनोळखी माणसाला मी दारात थांबवून चार प्रश्न विचारले असते. इथे जिन्यात मराठी ऐकू आले की हात आपोआप कडीकडे जातो.

परदेशात कसलासा नवा ताप पसरल्याचे वर्तमानपत्रात आहे. उद्या सरलाला नदीवर फिरवून आणायचे आहे.

गुरुवार, २३ मे

खिदिरपूरला लागलेल्या एका बोटीवर चौदा खलाशी तापाने पडले आहेत. बंदराच्या डॉक्टरांनी हे सकाळी जेटीवरच मला सांगितले. पण तेव्हा मी त्या बोटीवर दोन तास माल तपासून खाली उतरलो होतो! बोटीवर चढू नये अशी चिठ्ठी काल संध्याकाळीच निघाली होती म्हणे, ती भलत्या टेबलावर पडून राहिली. मी बडाबाबूंना विचारले, तर ते म्हणाले की चिठ्ठीवर तातडीचा शिक्का नव्हता.

घरी आल्यावर वर गेलो नाही. अंगणातल्या नळावर आंघोळ केली, कपडे तिथेच गरम पाण्यात टाकले. श्यामराव गंमत बघत उभे होते. त्यांचे मित्र डॉक्टर सान्याल खालीच बसले होते, त्यांना मात्र हसू आले नाही. ते म्हणाले, धडधाकट माणूस या तापातून चार दिवसांत उठतो. ज्यांच्या हृदयाला, फुप्फुसाला किंवा रक्तातल्या साखरेला आधीच ओझे झाले आहे, त्यांनी कोणालाही भेटू नये. कोणालाही म्हणजे कोणालाही. किती दिवस, असे विचारले तर त्यांनी छताकडे पाहिले. सहा आठवडे. आठ असतील.

या घरात अशी माणसे दोन. वर सरला, खाली श्यामराव. उद्या रजेचा अर्ज देतो आणि दाराला पाटी लावतो.

सोमवार, २७ मे

रजा नामंजूर. सुपरिंटेंडेंट साहेबांनी स्वतः बोलावून सांगितले की रजा नोकराच्या आजारासाठी असते, बायकोला न झालेल्या आजारासाठी नसते. "तुम्ही आजारी पडा, मग बघू." सगळे हसले. मीही हसलो, त्याचा आता राग येतो आहे.

पाटी शनिवारी लावली. मराठी, बंगाली, इंग्रजी, तिन्ही भाषांत: घरात आजारी माणूस आहे, कृपया भेटायला येऊ नये. परिणाम असा झाला की काल रविवारी पाच जण आले. आजारी? कोण? कधीपासून? आम्हाला कळवलंसुद्धा नाही! रेल्वेतले मनोहरपंत पाटीसमोर उभे राहून ती तिन्ही भाषांत वाचत होते, हे मी गॅलरीतून पाहिले. मग त्यांनी घंटा वाजवली, आत आले आणि अक्षर सुरेख आहे म्हणाले. मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले की ही पाटी सर्वांसाठी आहे. तर म्हणतात, "अहो, पण आम्ही काय परके आहोत का?"

एवढे म्हणेपर्यंत ते दोनदा शिंकले.

शुक्रवार, ३१ मे

शेजारच्या गल्लीत घरटी एक तरी माणूस आडवा आहे. दूधवाल्याने सांगितले, आणि तोही खोकत होता. आता दुधाचे भांडे टोपलीतून खाली सोडतो, वर आले की उकळतो.

चार वाजता घरी आलो तर सरलाच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर एक बाई बसलेल्या. पन्नाशीच्या असाव्यात. तपकिरी लुगडे, बारीक काडीचा चष्मा, हात मांडीवर. इतक्या उकाड्यात चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. समोर चहा तसाच, त्यावर साय धरलेली. सरलाला तीनच प्रश्न विचारले म्हणे. झोप लागते का, तोंडाला चव आहे का, पावलं थंड पडतात का. उपाय एकही सांगितला नाही, म्हणून सरलाला त्या फार आवडल्या.

मी कपाळाला आठ्या घालून उभा होतो. त्या माझ्याकडे वळून श्यामरावांविषयी बोलू लागल्या. सुई सकाळी सातला असते, हल्ली डाव्या मांडीला टोचतात, परवा कपाटामागे संदेशाचा डबा सापडला. म्हणजे देवस्थळींकडच्याच कोणीतरी, बहुधा प्रेमलताबाईंची नणंद. घरमालकांच्या माणसाला वाकडे कसे बोलणार? उठताना म्हणाल्या, "पुन्हा डोकावते हं. घाई नाही."

उद्या प्रेमलताबाईंशी स्पष्ट बोलायचे.

बुधवार, ५ जून

बंदराचे डॉक्टर स्वतः तापाने पडले. त्यांच्या कंपाउंडरनेच सांगितले. जेटीवर निम्मी माणसे नाहीत आणि माल दुप्पट.

प्रेमलताबाईंशी बोललो आणि बोलून पस्तावलो. मी म्हटले, तुमच्याकडची माणसे कृपा करून वर पाठवू नका. त्यांना लागले. म्हणाल्या, "वर जाणारे सगळे तुमचे पाहुणे. आमच्याकडे आता यायला उरलंय कोण?" मी विषय वाढवला नाही. वाढवायला हवा होता का, कळत नाही. श्यामरावांनाही म्हटले, तुम्ही तरी दार बंद ठेवा. ते म्हणाले, घराचे दार बंद ठेवले तर लोक म्हणतील मास्तर मेला.

घंटेची दोरी कापून टाकली. त्यावरून सरला संध्याकाळी भडकली. एरवी ती आवाज चढवत नाही, चढवला की तिलाच धाप लागते. दिवसभर भिंतीशी बोलायचं का, म्हणाली. तुम्ही गोदीत शंभर माणसांत वावरता, आणि कोंडून मला ठेवता. "मला वाचवताय की पुरून ठेवताय?"

मी खिचडी केली. तिने तिची ताटली गॅलरीत नेऊन खाल्ली.

रविवार, ९ जून

श्यामरावांना परवापासून ताप आहे. तोच ताप आहे, असे सान्यालांनी काल सांगितले. साखर आवरत नाही. सुई दिवसातून दोनदा, मग तीनदा. आज ते बायकोशी बंगालीत बोलत होते, मराठी आठवत नव्हते.

मी अंगणातून विचारपूस करतो, आत जात नाही. प्रेमलताबाई माझ्याकडे बघतात त्यात सगळे आले. ज्याच्या घरात राहतो त्याच्या उंबऱ्यापलीकडे पाय ठेवत नाही, असा माणूस मी झालो आहे. पण वर सरला आहे.

सान्याल म्हणाले, उद्याची रात्र निघाली तर आशा आहे.

बुधवार, १२ जून

श्यामराव काल दुपारी चारला गेले. सान्यालांनी नाडी पाहून सांगितले, आणि आपल्या मित्राचा चष्मा स्वतः काढून ठेवला.

स्मशानात रांग होती. आमच्या मागे मराठी मंडळींपैकी बँकेतला श्रीकांत उभा होता, आईला घेऊन. तिला दम्याचा जुना विकार होता, तोच ताप, पाच दिवस. तो रडत नव्हता, थकला होता. मला म्हणाला, देवस्थळींकडच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. त्या आल्या की आईला फार बरं वाटायचं. शेवटी तर पलंगावर बसून तिचे पाय चेपत होत्या.

मी हो म्हटले. बाई इथे दिसल्या नाहीत, याचे मला त्या वेळी नवल वाटले, पण विचारायची ती जागा नव्हती.

गुरुवार, १३ जून

प्रेमलताबाईंना कोणी नणंद नाही. त्यांनीच सांगितले. सकाळी मी अंगणातून श्रीकांतचा निरोप दिला, तर त्या चकित झाल्या. कोण बाई? तपकिरी लुगडं, चष्मा? "अहो, त्या तर तुमच्या मावशी ना?"

जे बोलणे झाले ते जसेच्या तसे लिहून ठेवतो. त्या आल्या की खाली सरलाविषयी बोलत. तिची औषधाची वेळ, मीठ किती घालता, रात्री किती उशा घेऊन झोपते. एवढे घरच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? म्हणून प्रेमलताबाईंनी त्यांना माझी मावशी समजून वर जाऊ दिले. आणि वर त्या श्यामरावांविषयी बोलत, म्हणून मी त्यांना खालच्या समजलो. श्रीकांतच्या घरी त्या आमच्या दोन्ही घरांविषयी बोलत.

नाव कोणीच विचारलेले नाही. मी पंधरा वर्षे कस्टम्समध्ये आहे. कुठून आले आणि कोणी पाठवले हे विचारल्याशिवाय मी सुईचे पाकीट आत सोडत नाही.

श्यामरावांकडे त्या तीनदा आल्या. पहिल्यांदा दाराजवळ खुर्चीवर बसल्या. दुसऱ्यांदा पलंगाशेजारी स्टुलावर. तिसऱ्यांदा पलंगावर, पायांशी. ती तिसरी भेट गेल्या गुरुवारी झाली, आणि तोवर श्यामरावांना काहीही झालेले नव्हते. ताप दुसऱ्या दिवशी आला.

ऑफिसातून श्रीकांतला फोन केला. आधी विचारल्याचे त्याला वाईट वाटले, मग आठवून म्हणाला: खुर्ची. स्टूल. पलंग. आणि ताप त्यानंतर.

शुक्रवार, १४ जून

सान्याल माझ्यावर चिडले. यात समजण्यासारखे काय नाही, म्हणाले. कोणी एक बाई घरोघर हा ताप पोचवते आहे, स्वतःला न होता. अशी माणसे असतात. तुम्ही मराठी लोक कोणालाही आत घेता आणि मग भुते बघता. पुढच्या वेळी तिला खाली धरून ठेवा, मी येतो.

त्यांचे म्हणणे बरोबर असेल. असावे. पण घाम का येत नव्हता?

सरलाला विचारले. आधी पांघरुणाची घडी करत बसली. मग म्हणाली, हो, आल्या होत्या. सोमवारी. मी गोदीत होतो आणि खाली श्यामराव शेवटचे श्वास मोजत होते. कुठे बसल्या?

स्टुलावर.

सगळे सांगितले तिला. ती ऐकत होती आणि उशीच्या अभ्र्याचा दोरा ओढत होती. मग म्हणाली, एवढ्या दिवसांत माझ्याशी माणसासारखं कोण बोललं? तुम्ही आल्या आल्या माझी बोटं निळी पडली का बघता. त्या मी कशी आहे ते विचारतात. "मरायचंच असेल तर कोणाशी दोन शब्द बोलून मरेन."

तिला हलवायचे ठरवले. मुंबईच्या गाडीचे बघून आलो. दोन दिवस, दोन रात्री, डब्याडब्यात खोकणारी माणसे. बराकपूरला ओळखीच्यांचा एक बंगला आहे, तर तिथल्या लष्करी छावणीत शंभर जण आजारी. जायला जागा नाही. इथेच.

रविवार, १६ जून

न विचारता रजेवर आहे. साहेबांची तार आली की कारवाई होईल. होऊ दे.

मागच्या गोल जिन्याच्या दाराला कुलूप घातले, किल्ली माझ्या जानव्याला. पुढचे दार मी सोडून कोणी उघडायचे नाही. दूध, भाजी, पाव टोपलीतून. खुर्ची आणि स्टूल गॅलरीत आणून ठेवले. सरला ते बघत होती. बसायला काही ठेवलं नाहीत तर त्या सरळ पलंगावर बसतील, म्हणाली. चेष्टेत म्हणाली असावी.

खुर्ची आणि स्टूल पुन्हा आत ठेवले.

चार वाजता जिन्यात पावले वाजली. अगदी सावकाश, एकोणीस. दाराबाहेर थांबली. दारावर थाप नाही. मी या बाजूला हातात पोळपाट घेऊन उभा. दहा मिनिटे गेली असतील. मग बाहेरून, मऊ आवाजात, जणू मी विचारलेच होते:

"असू दे. घाई नाही."

सरलाने आतून विचारले, कोण आलंय हो? मी म्हटले, कोणी नाही. तिला खरे कळले. रडली. भीतीने नव्हे.

मंगळवार, १८ जून

काल पावले आली नाहीत. आजही नाहीत.

त्याऐवजी पाठ दुखते आहे. दुपारी दात वाजू लागले. थर्मामीटर १०२. मला. गोदीतून आणला असेल. दुधाच्या भांड्यावरून. त्या चिठ्ठीवर शिक्का नव्हता त्या दिवसापासून मी नळाखाली उभा राहून अंग घासतो आहे, आणि शेवटी मलाच —

सान्यालांना गॅलरीतून हाक मारून सांगितले. ते खालूनच म्हणाले, बायकोच्या खोलीत पाऊल टाकू नका. मधले दार लावून घ्या, कडी तिच्या बाजूने. तिला चार दिवसांचा पाव, बिस्किटे, पाणी देऊन ठेवा. न्हाणीघर तिच्याच बाजूला आहे ते बरे. तुम्हाला काही होणार नाही. प्रश्न तिचा आहे.

दार लावण्याआधी तिने माझ्या कपाळाला हात लावायला हात पुढे केला. मी मागे सरलो. चार हात लांब उभी होती. तिचा चेहरा —

कडी घातल्याचा आवाज ऐकला. बरे वाटले. पहिल्यांदाच बरे वाटले.

बुधवार, १९ जून

१०३॥. सान्याल दारातून औषध ठेवून गेले. दार मी उघडले, मीच लावले. बहुतेक.

सरला दारापलीकडून बोलते. पाणी प्यालात का. ओल्या फडक्याची घडी ठेवलीत का. मी म्हणतो हो. फडके कोरडे आहे, उठवत नाही. तिला ते माझ्या आवाजावरून कळते. तेरा वर्षे झाली लग्नाला.

तिला म्हटले, काहीही झाले तरी कडी काढू नकोस. शपथ घातली. ती म्हणाली, आधी पाणी प्या.

दुपारी डोळा लागला. थाप पडली म्हणून उठलो. कोणी नव्हते. मग पुन्हा झोपलो. उठलो तेव्हा मी दाराशी का उभा होतो, हात कडीवर —

सरलाला हाक मारली. ठीक आहे, म्हणाली. आवाज आनंदी होता.

गुरुवार, २० जून, सकाळ

सान्याल नऊला येणार. स्वतः सांगून गेले. आता साडेसात.

आत दोन आवाज आहेत.

एक सरलाचा. दुसरा हळू, झोप लागते का, तोंडाला चव —

मागच्या दाराची किल्ली माझ्या गळ्यात आहे. कुलूप शाबूत असणार. सरलाला विचारले, आत कोण? म्हणाली, असं काय करता, बाई आल्यात. काल तुम्हीच तर दार उघडलंत. तुम्हीच मला हाक मारून म्हणालात, यांना आत घे, मी उठू शकत नाही.

मी नाही म्हणालो. मला आठवत नाही. नाही म्हणालो —

स्टुलावरून कोणी उठल्याचा आवाज. मग पलंग करकरला. एकदा. सरला पलंगावर नाही, तिचा आवाज दाराजवळून येतो आहे. म्हणजे ती अजून — म्हणजे वेळ आहे अजून —

ओरडलो. आवाज फुटला नाही, नुसता खोकला. खोकतच राहिलो. रुमाल, जमीन, दाराची फट, सगळीकडे माझाच —

आत गेलो तर ताप मी घेऊन जाईन. नाही गेलो तर ती तिथे तिच्याबरोबर —

बाई बोलते आहे. स्पष्ट ऐकू येते. माझ्याविषयी. नवरा पलीकडे तापाने फणफणलाय, कपाळावर ओलं फडकं ठेवायला कोणी नाही, आणि तू कडी लावून बसलीस गं? किती दिवस कोंडून घेतलं असेल त्यांनी, तुझ्यासाठीच ना? जा. मी बसते इथे.

सरला, नको. सरला, ताप माझ्याकडे आहे. तिच्याकडे नाही, माझ्याकडे —

सरला म्हणते आहे, आले हो. फक्त फडकं ओलं करते.

पाण्याचा आवाज. बांगड्या. मी दाराला पाठ लावून बसलो आहे, पाय भिंतीला रेटून, पायांत जोर नाही. नऊला सान्याल. साडेसात. सात पस्तीस. कडी वर उचलते आहे, मी ओरडतो आहे, तिला वाटते मी तिलाच हाक मा —